जावयाच्या रिमोटवरचं सोनं

आमच्या नात्यागोत्यात माझ्या पत्नीविषयी एक गोष्ट सांगितली जाते. लग्नाच्या मांडवात जेवणं उरकली, माणसं जरा सैलावली, की कुणीतरी ती काढतंच. जावयाने परदेशातून मागवलेला खेळाचा महागडा रिमोट सासूबाईंनी फिनेलने पुसला आणि त्यावरचं सोनं धुऊन काढलं, असा तिचा सारांश. शिंदखेड्याला माझ्या मेव्हणीकडे ही गोष्ट पोहोचली तेव्हा त्यात रिमोट साबणाच्या पाण्यात भिजत घातला होता. चाळीसगावला तो चिंच लावून तांब्यासारखा घासला होता. भडगावच्या एका चुलतभावाने तर मलाच विचारलं, "वहिनींनी तो दोरीवर वाळत घातला होता म्हणे?"

यातलं काहीही खरं नाही. तिने त्या रिमोटला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो मी खराब केला. अर्धा मी आणि अर्धा धुळ्याच्या व्याह्यांनी, असं लिहिणार होतो; पण खरंच लिहायला बसलो आहे तर व्याह्यांचा वाटा अर्धाही भरत नाही. ते दोन-तीन दिवस खेळले. उरलेलं वर्ष मीच.

आता सुरुवातीपासून सांगतो.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमची एकुलती एक मुलगी पुण्याला दिली आहे. जावई कॉम्प्युटरच्या नोकरीत आहेत, माणूस सरळ, बोलणं मोजकं. त्यांना एकच व्यसन. टीव्हीला जोडून खेळायच्या खेळांचे रिमोट जमवायचे. रिमोट म्हटलेलं त्यांना आवडत नाही. "बाबा, कंट्रोलर," ते हळूच म्हणतात. एखादा नवा खेळ येतो तेव्हा कंपनी त्याच्या नावाने थोडेच, खास रंगाचे कंट्रोलर काढते. त्याला लिमिटेड एडिशन म्हणतात. ते विकत घ्यायचे आणि खेळायचं मात्र नाही, काचेच्या कपाटात ठेवायचे. याचं आम्हाला नवल वाटायचं. पण आमच्या घरीही चांगला कपबश्यांचा सेट पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला होता आणि त्यात कुठल्याच पाहुण्याने कधी चहा प्यायला नव्हता. म्हणून आम्ही काही बोललो नाही.

नोकरीसाठी दोघांना वर्षभर परदेशी जायचं ठरलं. पुण्याचं घर सोडलं, सामान वाटून ठेवलं. आमच्याकडे खेळाचं जुनं यंत्र आलं, त्याचा काळा साधा कंट्रोलर आला, आणि एका खोक्यात नुकताच आलेला पांढरा.

तो पांढरा त्यांनी आम्हाला दाखवला, तो हात धुऊन, पुसून, वर रुमालात धरून. दुधाच्या सायीसारखा रंग. हाताला ज्वारीच्या पिठासारखा मऊ लागत होता. मागच्या दोन्ही कळा सोनेरी, अंगठ्याने फिरवायच्या पुढच्या दांडीभोवती सोनेरी कडं, आणि पाठीवर त्याचा क्रमांक कोरलेला.

"देवघरात शोभेल हो," पत्नी म्हणाली.

"आई, याला फक्त घाम लागू द्यायचा नाही," जावई म्हणाले. "वरचा थर नाजूक असतो. काळा आहे तो खुशाल वापरा. बाबांचा वेळ जाईल."

पत्नीने खोकं कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही याच्याकडे बघायचंही नाही." मी बरेच महिने बघितलं नाही. काळ्यावर गाड्यांची शर्यत शिकलो. आधी माझी गाडी उलटीच जायची, मग भिंतीला घासत जायची, मग जरा बरी जाऊ लागली. दुपारी पत्नी शेजारणींबरोबर गच्चीवर पापड-कुरडयांत असायची, तेव्हा मी खाली दार ओढून शर्यत लावायचो.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात अखाजी म्हणजे दिवाळीच. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि पुरुष पत्ते खेळतात. एरवी पत्त्याला हात न लावणारी माणसंही त्या दिवसांत निंबाखाली बसकण मारतात. मुलगी परदेशात, त्यामुळे आमचं घर ओस. जावयांचे वडील धुळ्याला एकटे. त्यांची पत्नी वारलेली. मी त्यांना फोन केला की, आबा, चार दिवस इकडे या. व्याह्याने व्याह्याकडे अखाजीला जायची रीत नाही, पण आले. धुळ्याहून येताना गूळ घेऊन आले, आणि दारातच म्हणाले, "भाऊ, पत्ता काढा. अखाजी शे."

पत्ते होते, पण डाव जमत नव्हता. आमच्या कॉलनीतली जुनी मंडळी काही मुलांकडे गेलेली, काही वर गेलेली. दोघांत पत्ते खेळणं म्हणजे एकट्याने भांडण्यासारखं. मी काळा रिमोट काढून शर्यत लावून दाखवली. आबांनी तरुणपणी जीप चालवलेली. ते पुढे सरकून बसले.

"हाई एकट्यानं शे. मी काय नुस्ता देखत बसू?"

"दुसरा आहे, पण तो वापरायचा नाही. तुमच्या चिरंजीवांचा आहे."

"वापरानं नही ते मंग लिधं कसाले?"

वापरायचाच नाही तर घेतला कशाला, हे मलाही कधी कळलं नव्हतं. शिवाय मुलाचा बाप विचारत होता. मुलाकडच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे आमच्याकडे अजून कुणाला शिकवलेलं नाही. मी स्टुलावर चढलो आणि खोकं काढलं. हे मी केलं. आबांनी स्टूल धरलं होतं, एवढंच.

पांढरा त्यांच्या हातात दिला. मान त्यांचा. दोघांनीही हात धुतले होते, एवढी अक्कल शाबूत होती. ते हरले की म्हणायचे, "पांढरा हलका शे, काळा द्या." मग मी पांढरा घ्यायचो. पत्नीच्या पायांचा आवाज जिन्यावर आला की तो उशीखाली जायचा. दोन म्हातारे उशीवर कोपर टेकून बसलेले बघून ती म्हणायची, "आबा, पाठ दुखते का? शेक देऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला कामाला लावलं. मुलीला पाठवायला केळीचे वेफर्स करायचे होते. मळेवाल्या ओळखीच्या माणसाने कच्च्या केळ्यांच्या फण्या आणून टाकल्या होत्या. जळगावात कच्ची केळी सोलताना आधी हाताला गोडं तेल चोपडतात. नाहीतर चीक बोटांना धरतो आणि काळा पडतो, तो निघता निघत नाही. कपड्याला लागला तर कपडा गेलाच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हीही तेल लावलं, टोपलंभर केळी सोलली, हात फडक्याला पुसले. पत्नी कढई घेऊन गच्चीवर गेली. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"एक डाव?"

"हात धुऊन घेऊ."

"पुसेल शेतस ना. कसाले घाबरतस, भाऊ?"

केळीच्या चिकाची लबाडी अशी, की तो लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. आम्ही एक डाव म्हणता म्हणता बरेच खेळलो. पांढरा माझ्याच हातात होता, कारण आबा आदल्या दिवशी हरले होते. खेळून झाल्यावर मी तो उजेडात धरला, स्वच्छ दिसला. खोक्यात ठेवला.

सकाळी उघडला तर त्यावर माझे दोन्ही पंजे उमटले होते. तपकिरी, ठसठशीत. पोलीस ठाण्यात घेतात तसे. अंगठ्याच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात.

आबांनी ते बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग म्हणाले, "बठ्ठं बराबर व्हई जाई," आणि सगळं ठीक होईल असा हा दिलासा देऊन दुपारच्या एसटीने धुळ्याला निघून गेले.

आता मी चित्रकलेचा मास्तर. डाग म्हटला की माझा हात आपोआप टर्पेंटाइनच्या बाटलीकडे जातो. घरात तो वास नेहमीचाच, म्हणून पत्नीनेही विचारलं नाही. बोळ्याने हलकेच पुसलं. डाग फिका झाला, आणि त्याच्याबरोबर ते पिठासारखं मऊ अंगही निघालं. खाली जे उरलं ते चिकट होतं. वैशाखातलं आमचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पंखासुद्धा फुफाटा फेकतो. रिमोट दिवसेंदिवस गुळाच्या ढेपेसारखा होत गेला. खोक्याचा पुठ्ठा त्याला चिकटायला लागला. मी टाल्कम पावडर लावली. ती जी बसली ती बसलीच. पिठात घोळलेली पुरी तळायची राहून जावी तसा तो दिसू लागला.

मग मी विचार केला की एवढं झालंच आहे, तर आता जपायचं काय? हा विचार मला त्या वेळी फार शहाणपणाचा वाटला. आणि मी रोज त्याच्यावरच खेळू लागलो, कारण खरं सांगायचं तर तो काळ्यापेक्षा चांगला होता. गाडी वळणावर कशी लोण्यासारखी वळायची.

त्या वर्षात त्याची झीज मी डोळ्यांनी बघितली आहे. आधी मागच्या उजव्या कळेवरचं सोनं गेलं, कारण शर्यतीत तीच दाबून धरावी लागते. मग दांडीभोवतीचं कडं पातळ होत होत एका बाजूने करडं दिसायला लागलं. दांडीच्या रबराला टक्कल पडलं. माझ्या बोटात पोवळ्याची अंगठी असते, तिचे पाठीवर ओरखडे आले आणि त्यात तो कोरलेला क्रमांक अर्धा बुजला. जिथे तळवा टेकतो तिथे जुन्या बाकासारखी चकाकी आली. चित्रकाराला झीज सुंदर दिसते, हे मी स्वतःला सांगायचो. शेवटी मुलगी-जावई परत यायचं ठरलं तेव्हा मात्र मी घाबरून सोनेरी तैलरंग आणला आणि बारीक कुंचल्याने कडं आणि कळा रंगवल्या. लांबून बरं दिसत होतं. जवळून रसवंतीच्या पाटीसारखं.

ते दोघं थेट जळगावला आले. चहा झाला. जावयांनी हात धुतले, पुसले, रुमाल घेतला आणि खोकं उघडलं.

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला लिहिता येत नाही. त्यांनी कंट्रोलर उलटा केला, सुलटा केला, कळ दाबली, वास घेतला. रुमाल त्याला चिकटून बसला होता तो सोडवला.

"उन्हाळा फार होता यंदा," मी म्हणालो.

आणि तेव्हाच पत्नी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! मी त्या कपाटात फिनेलचं फडकं फिरवलं होतं. खोक्यावरूनही फिरवलं. आत गेलं की काय? माझ्याच हातून झालं का हो हे?"

फिनेलचं फडकं खोक्यावरून फिरवून आतल्या वस्तूचं असं होत नाही, हे लहान पोरही सांगेल. मी सांगितलं नाही. मी पंख्याकडे बघत होतो.

"असू दे, आई," जावई फार मऊ आवाजात म्हणाले. "होतं असं." आणि पत्नीकडे त्यांनी जरा वेगळ्याच नजरेने बघितलं, ती नजर मला तेव्हा कळली नाही.

संध्याकाळी आबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं.  मग ते म्हणाले, "भाऊ, विहीणबाई स्वतःच म्हणतस, मंग आपण त्यास्ले खोटं कसाले पाडानं?"

आम्ही नाही पाडलं. मुलीने ही गंमत मावशीला सांगितली, मावशीने पुढे सांगितली, आणि पुढचं मी वर लिहिलंच आहे. चाळीसगावच्या लग्नात पत्नी एका टेबलापाशी गेली तर एका भाचीने सगळ्यांचे मोबाइल गोळा करून पदराखाली घेतले. "मामी आल्या, पुसून काढतील!" सगळे हसले. तीही हसली. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

तिने मात्र हात आवरला. ज्या बाईचा हात घरात क्षणभर स्वस्थ नसायचा, ती मुलीच्या नव्या घरी गेली की सोफ्याच्या टोकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची. पाणी हवं असलं तरी विचारायची, "हे बटण दाबू का?" मुलगी म्हणायची, आई, काय हे? ती म्हणायची, "नको बाई, तुमच्या वस्तू नाजूक असतात." जावई तिच्याजवळच्या टेबलावर मुद्दाम एक साधा कंट्रोलर ठेवायचे, टीव्ही लावायचे आणि म्हणायचे, "आई, आम्ही दोघं तासभर बाहेर चाललोय. बाबाही फिरायला गेलेत, घरात कुणी नाही." हे ऐकलं की ती आणखी आकसायची. मला म्हणायची, "पारख करताहेत माझी." रात्री तिला झोप लागायची नाही, आणि मला लागायची, हे लिहायला लाज वाटते.

मागच्या दिवाळीत आम्ही पुण्याला होतो. आबाही आले होते, पण ते आतल्या खोलीत लवंडले होते. जावयांचा एक नवा, निळा कंट्रोलर सोफ्याच्या हातावर ठेवलेला होता. पत्नी शेजारीच बसलेली. कुणाचा तरी धक्का लागला आणि तो हळूहळू घसरू लागला. तिच्या हातापासून तो वीतभरही लांब नव्हता. ती बघत होती. "अहो, पडतंय! अहो, पडतंय ते!" ती ओरडली, पण हात मांडीवरून उचलला नाही. तो फरशीवर आपटला आणि त्याचा कोपरा उडाला.

सगळे धावत आले. ती उभी राहिली, दोन्ही तळवे पुढे करून दाखवत म्हणाली, "मी हात नाही लावला हं. बघा. मी नाही लावला."

तिचे केस पांढरे झाले आहेत. माझ्याशी इतकी वर्षं संसार करून ही बाई शिक्षेला उभ्या राहिलेल्या पोरीसारखे तळवे दाखवत होती.

मी बोललो. उभ्यानेच सगळं सांगितलं. अखाजी, स्टूल, केळी, टर्पेंटाइन, पावडर, रोजच्या शर्यती. मुलगी तोंडावर हात ठेवून खाली बसली. जावई मात्र माझ्याकडे बघतच नव्हते, ते पत्नीकडे बघत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "आई खेळत नाहीत?"

"काय खेळत नाही?" पत्नी म्हणाली.

तेव्हा त्यांनी सांगितलं. फिनेलने हे झालेलं नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. उजवी कळ झिजली म्हणजे गाड्यांची शर्यत, दांडीला टक्कल म्हणजे रोजची शर्यत, त्यात त्यांचा अभ्यास. पाठीवरचे ओरखडे त्यांना बांगड्यांचे वाटले. तेलाचा अंश होता, म्हणजे स्वयंपाकघर. सोनेरी रंग पणत्यांना लावतात तो. आई घरात कुणी नसताना चोरून खेळतात, आणि लाजेने फिनेलचं निमित्त सांगताहेत, अशी त्यांची खात्री झाली होती. आईंचा मान राहावा म्हणून ते गप्प राहिले होते, आणि त्यांना मोकळेपणाने खेळता यावं म्हणून टेबलावर कंट्रोलर ठेवून बायकोला घेऊन उगाच रस्त्यावर फेऱ्या मारत होते.

"पण घरात बाबा होते ना! बाबांचा संशय नाही आला?" मुलीने विचारलं.

"आला होता," जावई म्हणाले. "पण ते रंगकाम बघितलं आणि वाटलं, ड्रॉइंगचे मास्तर इतकं वाईट रंगवणार नाहीत."

आतून आबांचा आवाज आला, "रंगच कच्चा व्हता!" म्हणजे ते झोपलेले नव्हते.

पत्नीने आबांना काही म्हटलं नाही, व्याही पडले. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "इथे चौघांना सांगितलंत. गोष्ट भडगावपर्यंत गेली आहे. आता हेही तिथपर्यंत पोहोचवा."

"सांगतो सगळ्यांना."

"सांगू नका, लिहा. सांगताना तुम्ही मध्येच पंख्याकडे बघता."

म्हणून हे लिहितो आहे. छापून आलं की शिंदखेडा, चाळीसगाव आणि भडगावला एकेक प्रत पाठवणार आहे, लग्नात वाचून दाखवली तरी हरकत नाही.

मग ती जावयांकडे वळली. "जावईबापू, त्या कपाटाची किल्ली द्या."

त्यांनी दिली. तिने काचेचं दार उघडलं आणि एकेक कंट्रोलर बाहेर काढून पदराने पुसायला सुरुवात केली. लाल, चंदेरी, आरपार दिसणारा, वाघाच्या पट्ट्यांचा. प्रत्येकाच्या खाचेत पदराचं टोक घालून, तोंडाची वाफ देऊन. जावई तिच्या मागे उभे होते. "आई, त्यासाठी एक खास कापड असतं," ते एकदाच म्हणाले. "असू दे, लुगडं मऊ आहे," ती म्हणाली. त्यांनी डोळे मिटून घेतले. सगळे पुसून झाले, तेव्हा कोपऱ्यात मागे ठेवलेला आमचा पांढराही निघाला. तिने तो हातात घेतला, वजन बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "याच्यासाठी?" त्याला मात्र तिने न पुसता परत ठेवलं.

मग कुणालाही न विचारता ती स्वयंपाकघरात गेली. फडताळं उघडल्याचे, भांडी सरकवल्याचे, गॅस पेटवल्याचे आवाज आले. कितीतरी दिवसांनी मी तिचे हात चालल्याचा आवाज ऐकत होतो. आम्ही सगळे बाहेर बसून होतो. आबाही उठून आले होते.

आत काहीतरी फुटलं. मुलगी उठायला लागली, तेवढ्यात पत्नी दारात आली. तिच्या हातात मुलीच्या नव्या सेटमधल्या कपाचा कान होता, नुसता कान.

"हा मी फोडला," ती मला म्हणाली. "हेही लिहा."